सहीनंतर काय होते? प्रादेशिक संघटना, त्यांचे करार आणि बाहेरचे भागीदार

सार्क (दक्षिण आशियातल्या देशांची), बिमस्टेक (बंगालच्या उपसागराच्या परिसरातल्या देशांची) आणि आसियान (आग्नेय आशियातल्या देशांची) या संघटनांबद्दल वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. बहुतेक प्रश्नांचा रोख एकच आहे: परिषदा होतात, नेते सह्या करतात, मग पुढे त्याचे नेमके काय होते?

प्रश्न : मी पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. सनद, करार आणि सामंजस्य करार यांत नेमका फरक काय? बिमस्टेकची स्थापना १९९७ सालची असताना तिची सनद २०२४ मध्ये अमलात आली, असे का म्हणतात?

उत्तर : नावावर फार विसंबू नका. कागदाला सनद म्हटले, करार म्हटले की अधिसंधी म्हटले, यापेक्षा त्या कागदाने देश बांधले जातात की नाही हे महत्त्वाचे असते आणि ते बहुधा शेवटच्या पानांवर कळते. म्हणून मी विद्यार्थ्यांना करार उलटा, मागून पुढे वाचायला सांगतो. शेवटच्या कलमांत तीन गोष्टी शोधाव्यात: करार केव्हा लागू होणार, त्यासाठी किती देशांचे अनुसमर्थन लागणार, आणि एखाद्या देशाला बाहेर पडायचे असेल तर वाट कोणती. अनुसमर्थन म्हणजे प्रतिनिधीने केलेल्या सहीला त्या देशाने आपल्या घटनेनुसार दिलेली रीतसर मंजुरी. ती मिळेपर्यंत सही हा केवळ इरादा असतो. सामंजस्य करारात बहुधा ही पायरीच नसते. तो दोन खाती किंवा दोन संस्था यांनी एकत्र काम करण्याचे ठरवल्याचा दाखला असतो, आणि म्हणूनच तो लवकर होतो व तितक्याच लवकर विसरलाही जातो.

बिमस्टेक, म्हणजे बंगालच्या उपसागराच्या परिसरातल्या देशांची सहकार्य संघटना, ६ जून १९९७ रोजी बँकॉकच्या जाहीरनाम्याने सुरू झाली. त्या वेळी बांगलादेश, भारत, श्रीलंका आणि थायलंड हे चारच देश होते. त्याच वर्षी म्यानमार आला आणि २००४ मध्ये नेपाळ व भूतान आले. जाहीरनाम्यावर संघटना उभी राहते, पण तिला स्वतःची कायदेशीर ओळख मिळत नाही. ढाक्यातले कायमचे सचिवालयसुद्धा २०१४ मध्ये, म्हणजे १७ वर्षांनी सुरू झाले. सनदेवर सह्या झाल्या ३० मार्च २०२२ रोजी, कोलंबोतून दूरदृश्य पद्धतीने झालेल्या शिखर परिषदेत. सर्व सात देशांचे अनुसमर्थन पूर्ण होऊन ती २० मे २०२४ रोजी अमलात आली. या सनदेमुळे संघटनेला कायदेशीर व्यक्तित्व मिळाले, नव्या सदस्यांना आणि निरीक्षकांना प्रवेश देण्याची तरतूद झाली आणि बाहेरच्या संस्थांशी संघटना म्हणून करार करण्याचा मार्ग खुला झाला. परीक्षेत स्थापनेचे वर्ष विचारले तर १९९७ लिहा. पण ही संघटना कायद्याच्या दृष्टीने सज्ञान झाली ती २०२४ मध्ये, हे स्वतःसाठी लक्षात ठेवा.

प्रश्न : आम्ही निफाड तालुक्यातले कांदा उत्पादक. बांगलादेश आपला मोठा गिऱ्हाईक. दोन्ही देश सार्कमध्ये आहेत, बिमस्टेकमध्ये आहेत, मुक्त व्यापाराचा करार आहे. तरी कधी आपले सरकार निर्यात बंद करते, कधी ढाका आयात थांबवते. मग करार कशासाठी?

उत्तर : आपला राग रास्त आहे, आणि उत्तर आपल्याला आवडणार नाही. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करार, म्हणजे साफ्टा, २००४ मध्ये इस्लामाबादला झाला आणि २००६ पासून लागू झाला. त्याचा मुख्य विषय आयात शुल्क कमी करणे हा आहे. शुल्काखेरीजच्या बंधनांबाबत त्याने जागतिक व्यापाराच्या नियमांचाच आधार घेतला आहे, आणि अन्नपदार्थांची तीव्र टंचाई टाळण्यासाठी तात्पुरती निर्यातबंदी घालणे त्या नियमांना मान्य आहे. सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२० आणि डिसेंबर २०२३ या तिन्ही वेळच्या बंदीत भारताने कोणताही प्रादेशिक करार मोडला, असे म्हणून चालत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये दिल्लीला आलेल्या शेख हसीना यांनी जाहीर कार्यक्रमात, आपण आचाऱ्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितले आहे आणि निदान आधी कळवायला हवे होते, असे बोलून दाखवले होते. हसत बोलल्या, पण तक्रार नेमकी होती. पलीकडच्या बाजूलाही तीच मोकळीक आहे. तिथला आयातदार कृषी खात्याच्या परवान्याशिवाय कांदा आणू शकत नाही, आणि स्थानिक पीक बाजारात आले की ते परवाने रोखले जातात. तेव्हा पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या घोजाडांग्याच्या किंवा महदीपूरच्या नाक्यावर आपले ट्रक उभे राहतात आणि माल सडू लागतो.

माझ्या मते मागणी बंदीच्या विरोधात करण्यापेक्षा पूर्वसूचनेची करावी. किमान अमुक दिवस आधी कळवल्याशिवाय दार बंद करायचे नाही आणि वाटेत असलेला माल अडवायचा नाही, एवढे एक कलम दोन देशांच्या करारात आले तरी शेतकऱ्याचे मोठे नुकसान टळेल. ते कलम मागण्याचा पहिला हक्क नाशिक जिल्ह्याचा आहे.

प्रश्न : मी कोल्हापूरला शिक्षिका आहे. सार्क आता संपल्यातच जमा आहे का? मुलांना काय शिकवावे?

उत्तर : सार्कची शिखर परिषद नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूला झाली, ती शेवटची. २०१६ ची इस्लामाबादची परिषद उरीच्या हल्ल्यानंतर बारगळली आणि पुढे ती झालीच नाही. कारण ढाक्यात ८ डिसेंबर १९८५ रोजी सही झालेल्या मूळ सनदेतच आहे: प्रत्येक पातळीवरचा निर्णय एकमताने व्हावा, आणि द्विपक्षीय व वादग्रस्त विषय चर्चेला घेऊ नयेत. लहान देशांना मोठ्याची भीती वाटू नये म्हणून एकमत, आणि संघटना भांडणांत बुडू नये म्हणून दुसरी अट. दोन्हींमागचा हेतू चांगला होता. पण ज्या भांडणावर बोलायचे नाही, तेच भांडण एकमत अडवून धरू लागले की सनदेकडे त्यावर उपाय उरत नाही.

तरीही मुलांना काठमांडूच्या परिषदेची पुढची हकिगत जरूर सांगा. तिथे तीन करार ठेवले होते: मोटार वाहनांचा, रेल्वेचा आणि विजेचा. आपली अंतर्गत प्रक्रिया पूर्ण झाली नसल्याचे पाकिस्तानने सांगितले आणि पहिले दोन मागे पडले. शेवटच्या दिवशी कसाबसा विजेचा करार सही झाला. बातम्यांत त्याला फारशी जागा मिळाली नाही.

पुढे नेपाळमध्ये जलविद्युत प्रकल्प वाढले. पावसाळ्यात तिथल्या नद्या फुगतात आणि वीज उरते; हिवाळ्यात मात्र नेपाळला भारताकडूनच वीज घ्यावी लागते. बांगलादेशाला उन्हाळ्यात-पावसाळ्यात विजेची भूक असते. दोघांमध्ये भारताची चिंचोळी पट्टी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी काठमांडूत तीन संस्थांनी करार केला: नेपाळ विद्युत प्राधिकरण, बांगलादेशचे वीज विकास मंडळ आणि भारताच्या एनटीपीसीची वीज-व्यापार कंपनी. नेपाळची ४० मेगावॅट वीज ढल्केबरहून ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीने मुझफ्फरपूरला येते, भारताच्या जाळ्यातून बहरामपूरला जाते आणि सीमा ओलांडून भेडामाऱ्याला उतरते. दर युनिटला ६.४० अमेरिकी सेंट, मुदत दरवर्षी १५ जून ते १५ नोव्हेंबर. १५ नोव्हेंबर २०२४ ला ती प्रथम वाहिली आणि जून २०२५ पासून ठरल्याप्रमाणे पूर्ण हंगामासाठी सुरू झाली. ४० मेगावॅट म्हणजे फार नव्हे. परंतु दक्षिण आशियात एका देशाची वीज दुसऱ्याच्या तारांमधून तिसऱ्याच्या घरात पोचण्याची ही पहिलीच वेळ.

हे सार्कचे यश म्हणावे का? सरळ हो म्हणता येणार नाही, कारण भारताचे स्वतःचे सीमापार वीज-व्यापाराचे नियम आणि तिन्ही संस्थांची चिकाटी यांचा वाटा मोठा आहे. पण सार्कच्या त्या कागदाने, एकमेकांच्या वीजजाळ्यांतून व्यापार करणे हे तत्त्व मान्य करून ठेवले होते. संघटना थांबली तरी करार थांबत नाही, हे मुलांना कळले तर बरेच झाले.

मोटार वाहनांच्या कराराचे मात्र वेगळे झाले. अडलेला मसुदा घेऊन बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ या चौघांनी १५ जून २०१५ रोजी थिंफूमध्ये आपापसांत करार केला. भूतानच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने तो नाकारला. बाहेरच्या गाड्यांच्या गर्दीने आपल्या डोंगरी रस्त्यांचे, हवेचे आणि छोट्या ट्रकमालकांचे काय होईल, अशी चिंता तिथे होती. २०१७ मध्ये भूतानने उरलेल्या तिघांना पुढे जाण्याची मोकळीक दिली. भूतानला आडमुठे ठरवणे मला पटत नाही. सहीनंतर संसदेने नीट विचार करून नाही म्हणणे, हा अनुसमर्थनाचा खरा अर्थ आहे.

प्रश्न : पणजीहून लिहितो आहे. २०१६ मध्ये ब्रिक्सच्या (ब्राझील, रशिया, भारत, चीन आणि दक्षिण आफ्रिका यांच्या गटाच्या) परिषदेच्या वेळी बिमस्टेकचे नेतेही गोव्यात आले होते. त्यातून काय निघाले? आणि या संघटनांच्या आराखड्यांवर आशियाई विकास बँकेचे नाव का दिसते? बाहेरच्यांना यात काय रस?

उत्तर : ऑक्टोबर २०१६ च्या गोव्यातील भेटीला निमित्त ब्रिक्सचे होते, पण संदेश प्रादेशिक होता. इस्लामाबादची परिषद बारगळल्याला महिनाही झाला नव्हता, आणि भारताने शेजाऱ्यांना बोलावले ते बिमस्टेकच्या नावाने. मार्च २०१७ मध्ये सदस्य देशांच्या सुरक्षाप्रमुखांची पहिली बैठक दिल्लीत झाली आणि त्याच वर्षी आपत्ती व्यवस्थापनाचा पहिला संयुक्त सराव पार पडला. सनदेच्या कामालाही त्यानंतर वेग आला.

आता भागीदारांकडे वळू. कोणत्या बंदरापासून कोणत्या नाक्यापर्यंतचा रस्ता आधी रुंद करावा, कुठल्या पुलावरून कंटेनर जाईल, याचा अभ्यास करायला पैसा आणि तज्ज्ञ लागतात, आणि बिमस्टेकचे सचिवालय लहान आहे. म्हणून वाहतूक जोडणीच्या अभ्यासाला आणि २०२२ च्या कोलंबो परिषदेत स्वीकारलेल्या बृहत्आराखड्याला मनिलाच्या आशियाई विकास बँकेने साहाय्य केले. बँकेचा रस उघड आहे: आराखडा झाला की त्यातले प्रकल्प कर्जासाठी तिच्याकडे येतात. यात लपवण्यासारखे किंवा संशय घेण्यासारखे काही नाही. जपान आणि अमेरिका तिचे सर्वांत मोठे भागधारक असले तरी भारतही तिचा संस्थापक सदस्य आहे. धोका वेगळाच आहे. ज्याने नकाशा काढला, त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे रस्ते आधी होतात. म्हणून प्राधान्यक्रम सदस्य देशांनी ठरवावा आणि बाहेरच्याने हिशेब मांडावा, ही वाटणी सांभाळली पाहिजे. सार्कमध्ये चीन, जपान, अमेरिका, युरोपीय संघ यांच्यासह नऊ निरीक्षक आहेत; पण त्यांचे काम काय हे कधी नीट ठरलेच नाही आणि त्यांचा फारसा उपयोगही झाला नाही.

प्रश्न : सिंगापूरमध्ये नोकरी करतो. आसियानलाही एकमतच लागते, मग तिथे बाहेरचे देश रांग लावून का येतात?

उत्तर : कारण आसियानने दाराला एक उंबरठा ठेवला. १९७६ च्या बाली परिषदेत पाच संस्थापक देशांनी मैत्री आणि सहकार्याचा तह केला: दुसऱ्याच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ नाही, बळाचा वापर नाही, वाद शांततेने मिटवायचे. १९८७ मध्ये त्यात दुरुस्ती करून आग्नेय आशियाबाहेरच्या देशांनाही सही करण्याची मुभा दिली. भारत आणि चीन यांनी २००३ मध्ये एकाच परिषदेत ती केली. २००५ मध्ये पूर्व आशिया शिखर परिषद सुरू झाली, तेव्हा या तहावर सही ही प्रवेशाची अट ठरली. लष्करी करारांमुळे आधी कचरणाऱ्या ऑस्ट्रेलियाने ती त्याच वर्षी केली, अमेरिकेने २००९ मध्ये. म्हणजे मोठ्यांनी लहानांच्या घरी यायचे, ते लहानांच्या नियमांवर.

भागीदारीच्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत. भारत १९९२ मध्ये ठरावीक क्षेत्रांपुरता भागीदार झाला, १९९५ मध्ये पूर्ण संवाद भागीदार, २००२ पासून शिखर पातळीवर, २०१२ मध्ये धोरणात्मक भागीदार आणि २०२२ मध्ये त्याही पुढची पायरी चढला. दरम्यान वस्तुव्यापाराचा करार २०१० पासून लागू झाला आणि जकार्तात भारताचे आसियानसाठी स्वतंत्र दूतपथक आले. आपल्या शहरावर धूर पसरतो, तेव्हा मात्र याच व्यवस्थेची दुसरी बाजू दिसते. सीमापार धुराबद्दलचा आसियान करार २००२ मध्ये सही झाला आणि पुढच्याच वर्षी लागूही झाला. पण जिथली जंगले आणि पीट जमिनी (कुजलेल्या वनस्पतींच्या थरांच्या दलदली) जळत होत्या, त्या इंडोनेशियाच्या संसदेने त्याला मान्यता दिली ती २०१४ मध्ये. त्यानंतरच्याच वर्षी, २०१५ मध्ये, पुन्हा मोठा धूर झाला.

प्रश्न : भारतात असे करार संसदेपुढे जातात का?

उत्तर : करार करणे हे केंद्र सरकारचे काम आहे आणि त्याला मंत्रिमंडळाची मंजुरी बहुधा पुरते. देशातला कायदा बदलावा लागणार असेल, तर संसद घटनेच्या कलम २५३ नुसार कायदा करते. देशाचा भूभाग द्यायचा असेल तर घटनादुरुस्तीच हवी; हे बेरुबारी प्रकरणात (पश्चिम बंगालमधला एक भाग पाकिस्तानला देण्याच्या वादात) १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. भारत-बांगलादेश जमीन सीमा करार १९७४ चा. बांगलादेशाने त्याला त्याच वर्षी मान्यता दिली. आपली शंभरावी घटनादुरुस्ती झाली २०१५ मध्ये. तोवर एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या १६२ वस्त्यांतले लोक धड इकडचे ना तिकडचे होते. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री त्या वस्त्यांची अदलाबदल झाली, सहीनंतर ४१ वर्षांनी.