ऑफिसलाही जायचंय आणि चिखलातही, मग गाडी कुठली?

प्रश्न: नमस्कार, मिडसाइझ एसयूव्ही घ्यायचीय. रोज जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर शहरातलं ट्रॅफिक, आणि महिन्यातून एखाद्या रविवारी डोंगराकडचा कच्चा रस्ता, कधी नदीकाठची रेती. दोन गाड्यांवर घोडं अडलंय. एक लॅडर फ्रेमची (खाली वेगळी लोखंडी चौकट, वर बॉडी), फोर बाय फोर, लो रेंजवाली. दुसरी मोनोकॉक (बॉडी आणि चौकट एकच), ऑल व्हील ड्राइव्ह, क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटाची उंची) २२० मिमी. मित्र म्हणतात दुसरी नुसती दिखाऊ आहे. मागच्या सीटवर आई असते आणि तिला कंबरेचा त्रास आहे. काय करू?

उत्तर: मित्रांना आधी विचारा, त्यांनी लो रेंज शेवटची कधी टाकली होती. चेष्टा नाही करत, बऱ्याच गाड्यांमध्ये तो नॉब शोरूममधून निघाल्यावर कोणी फिरवलेलाच नसतो.

लो रेंज करते काय ते बघा. समजा पहिल्या गिअरचा रेशो ४ आणि फायनल ड्राइव्हचा (चाकांआधीच्या शेवटच्या गिअरजोडीचा) ४, म्हणजे इंजिन १६ वेळा फिरलं की चाक एकदा फिरतं. आता ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) लो मध्ये टाकली आणि तिचा रेशो २.५ धरला तर तोच आकडा ४० होतो, म्हणजे गाडी माणसाच्या चालीने चढते, उतरताना इंजिनच तिला धरून ठेवतं आणि ब्रेकवर सगळा भार येत नाही. मोठाले दगड, खडा चढ, गुडघाभर चिखल, दुसऱ्याची रुतलेली गाडी ओढायची असेल, तर याला खरंच पर्याय नाही. पण खडीचा, खड्ड्यांचा कच्चा रस्ता असेल तर तिथे लो रेंज लागतच नाही.

आणि एक गोष्ट जी सहसा कोणी सांगत नाही. अशा बऱ्याच गाड्या पार्ट-टाइम असतात, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरजोडणी, म्हणजे मधलं डिफरन्शियल, नसतं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, मातीत टायर थोडा घसरून तो फरक जिरतो पण डांबरावर घसरायला जागा नसते, मग सगळा पीळ शाफ्टवर आणि गिअरांवर येतो. म्हणून पक्क्या रस्त्यावर ती टू व्हीलमध्येच चालवायची असते. म्हणजे पावसात ओल्या डांबरावर, रोज ऑफिसला जाताना, चारही चाकांचा उपयोग तुमच्या त्या 'दिखाऊ' गाडीलाच जास्त होणार!

आता दुसरीची कमजोर बाजूही सांगतो, नाहीतर मित्र म्हणतील हा विकला गेला. अशा बहुतेक गाड्यांमध्ये मागच्या चाकांना ताकद एका क्लचमधून जाते, तीही बऱ्याचदा पुढची चाकं घसरायला लागली की मगच. रेतीत किंवा चिखलात पाच-दहा मिनिटं सतत रेस केली की तो क्लच तापतो. माझ्यावर ही वेळ आलीय, ओल्या गवताच्या चढावर गाडी तिरकी अडकली, पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक जवळजवळ हवेत, मी आपला रेस देतोय, आणि स्क्रीनवर मेसेज आला की सिस्टिम गरम झालीय थांबा. थांबलो. वीस मिनिटं बसून राहिलो आणि बायकोचं ऐकून घेतलं. साधं डिफरन्शियल ताकद फुकट फिरणाऱ्या चाकाकडेच जाऊ देतं, मग ट्रॅक्शन कंट्रोल त्या चाकाला ब्रेक लावतं आणि त्याच जोडीतल्या दुसऱ्या बाजूच्या चाकाकडे ताकद ढकलतं. हे काम किती पटकन होतं यावर त्या गाडीची लायकी ठरते, आणि ते ब्रोशरमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं.

मोनोकॉक म्हणजे ऑफ-रोड नाही हे तर डोक्यातून काढूनच टाका. १९८४ ची जीप चेरोकी मोनोकॉकच होती आणि तिला दगडधोंड्यात नेणारे अजून आहेत. २०२० मध्ये आलेली नवी लँड रोव्हर डिफेंडरही मोनोकॉकच, आणि ती एअर सस्पेन्शनसह ९०० मिमी पाण्यातून जाते.

२२० मिमी हा आकडा चांगला आहे, पण चारजण आणि सामान भरलं की गाडी बसते आणि क्लिअरन्स कमी होतो, एवढं धरून चला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोन. पुढचा बंपर खाली लोंबत असेल तर खड्ड्यातून वर येताना हनुवटी आधी घासणार, मागे बंपर लांब असेल तर उतरताना मागचं घासणार, आणि पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर जास्त असेल तर उंचवट्यावर गाडीचं पोट टेकणार. अप्रोच, डिपार्चर, ब्रेकओव्हर हे तिन्ही आकडे मागून घ्या, नाही मिळाले तर खाली वाकून बघा, लाज कसली.

आईच्या कंबरेचं म्हणाल तर माझं मत सरळ आहे. पहिलीला मागे सॉलिड अॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच कडक दांडा) असेल तर एक चाक खड्ड्यात गेलं की धक्का दुसऱ्या बाजूलाही पोचतो, शिवाय ते सस्पेन्शन वजन वाहायला बनवलेलं असतं, रिकाम्या गाडीत ते उडवतं. तुम्ही सांगितलेल्या वापराला दुसरी घ्या. फक्त टोइंग हुक आहे ना, अंडरबॉडीला प्लॅस्टिकऐवजी लोखंडी प्लेट बसवता येते का आणि स्टेपनी फुल साइझ आहे का हे बघा. बारीक स्टेपनीवर कच्च्या रस्त्यातून परत येणं म्हणजे शिक्षाच.

प्रश्न: टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाले दहा मिनिटं देतात, तीही गुळगुळीत रस्त्यावर. त्यात काय कळणार?

उत्तर: दहा मिनिटांत गाडी नाही कळत, एसी कळतो. दुसऱ्यांदा जा, घरच्यांना घेऊन जा, आणि अर्धा वेळ स्वतः मागे बसा. एखादा खराब पट्टा आधी शोधून ठेवा आणि तिथूनच न्या, आधी ३० च्या स्पीडला मग ५० ला, काही गाड्या हळू चालवल्या की आपटतात आणि वेगात सुधारतात, काहींचं उलटं असतं. तुमच्या पार्किंगमध्ये एकदा लावून बघा. वळताना समोरच्या खांबाआड पादचारी लपतोय का ते बघा, उंच गाड्यांमध्ये हा खांब जाड असतो. जमलं तर एक चाक फुटपाथच्या रॅम्पवर आणि तिरकं समोरचं चाकही उंचवट्यावर अशी उभी करून मागचा दरवाजा उघडा आणि लावा, करकरला किंवा अडकला तर बॉडी पिळतेय असं समजा.

प्रश्न: माझ्या टॉप मॉडेलला २० इंची व्हील आहेत, दिसतात भारी. ऑल टेरेन टायर (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीसाठीचे) टाकले की झालं का काम?

उत्तर: निम्मं झालं. कच्च्या रस्त्यावर व्हील लहान आणि रबर उंच हवं. २६५/६५ आर १७ आणि २६५/५० आर २० हे टायर बाहेरून जवळपास सारख्याच उंचीचे, पण पहिल्याची साइडवॉल (रिमपासून बाहेरच्या कडेपर्यंतच्या रबराची उंची) १७२ मिमी, दुसऱ्याची १३२. ते वरचे ४० मिमी म्हणजे फुकटचं सस्पेन्शन, आणि दगडावर रिम वाचते ती वेगळी. शक्य असेल तर खालच्या मॉडेलची व्हील्स शोधा, पण ती ब्रेक कॅलिपरवरून बसतात ना हे आधी विचारा.

ऑल टेरेन घेतल्यावर आवाज वाढतो, अॅव्हरेज थोडं पडतं आणि ओल्या डांबरावर ब्रेकिंग अंतर सहसा वाढतं, तुमचं रोजचं फिरणं डांबरावरच असेल तर हे विसरू नका. चिखलाचे मड टेरेन तर रोजच्या वापराला घेऊच नका. खरा स्वस्त उपाय म्हणजे हवा कमी करणं. रेतीत १६ ते १८ पीएसआयवर आणलं की टायर लांब पसरतो आणि वजन वाटलं जातं, जिथे रुतत होती तिथून तीच गाडी निघून जाते. फक्त त्या हवेवर जोरात वळवू नका, टायर रिमवरून निघू शकतो, आणि डांबरावर यायच्या आधी हवा परत भरा. म्हणजे कॉम्प्रेसर आणि प्रेशर गेज गाडीत हवंच.

प्रश्न: ओढ्यातून गाडी घालायची हिंमत होत नाही, किती पाणी चालतं?

उत्तर: कंपनीचा वेडिंग डेप्थचा (किती खोल पाण्यातून गाडी जाते त्याचा) आकडा स्थिर पाण्यातला समजा, वाहत्या पाण्याला तो लावू नका, वाहतं पाणी गुडघ्याइतकं असलं तरी गाडी ढकलू शकतं. इंजिन हवा कुठून ओढतं ते बॉनेट उघडून बघून ठेवा, तिथे पाणी गेलं की इंजिन गेलं. आत शिरलात तर हळू आणि एकसारख्या वेगाने, मधे थांबू नका, आणि बाहेर आल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून सुकवून घ्या. पाण्यात इंजिन बंद पडलं तर परत स्टार्टर मारू नका, ओढून बाहेर काढा. आणि तळ दिसत नसेल, वाहणारं पाणी नसेल, तर आधी काठी घेऊन स्वतः चालत जाऊन बघा, पँट भिजली तर भिजली.