मामा म्हणजे काय सेन्सॉर बोर्ड?

"माई, मी मालवणजवळच्या एका गावातली. मुंबईत मिडियात एमए करतेय, शेवटचं वर्ष. प्रोजेक्ट म्हणून रापणकरांवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांवर डॉक्युमेंटरी करतेय, दोन वर्षं शूट चाललंय. पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांच्या आणि एलईडी दिवे लावून होणाऱ्या मासेमारीच्या विरोधात आमच्याकडे जे आंदोलन आहे त्यात मी असते, त्यांचे व्हिडिओ मीच करून देते. घोळ असा की माझ्या रत्नागिरीकडच्या मामाचा एका पर्ससीन बोटीत वाटा आहे, आणि बाबा गेल्यापासून माझी फी तोच भरतो. जानेवारीत त्याच्याकडे जेवायला गेले होते, कॅमेरा फडताळावर चालू राहिला. लाल दिव्यावर टेप होती, ती नेहमीच असते. जेवता जेवता मामा सगळं बोलला, लाईट कधी लावतात, बोट कुठे नेतात, कोण कोण असतं. गाईड म्हणतात हाच फिल्मचा गाभा, हवं तर चेहरा ब्लर कर. आंदोलनातला दादा म्हणतो क्लिप दे, रील टाकतो. मामाला विचारलं तर तो नाहीच म्हणेल, आणि विचारणं म्हणजे स्वतःच स्वतःला सेन्सॉर करणं नाही का? सबमिशन एप्रिलमध्ये आहे. शिमग्याला मामाकडे जाऊ की टाळू? — तळ्यात मळ्यात"

अगो बाय, आधी एक सांग. कॅमेरा चालू "राहिला" की चालू "ठेवलास"? मला उत्तर नको, तुझं तुला माहीत असलं म्हणजे झालं. लाल दिव्यावर टेप लावतात ते मला ठाऊक आहे, दिवा दिसला की माणूस सावरून बसतो, आवाज बदलतो, म्हणून सगळेच लावतात. पण रापणीवरच्या माणसांना माहीत असतं की ही पोरगी शूटिंगला आलीय, टेप असो नसो. मामाच्या घरी तू शूटिंगला गेली नव्हतीस, जेवायला गेली होतीस. त्याच्यासाठी समोर भाची बसली होती, तिच्या ताटात तो बांगड्याची दुसरी तुकडी वाढत होता, आणि कदाचित म्हणूनच इतकं मोकळं बोलला.

माझंच सांगते. नव्वदच्या दशकात मी एका साप्ताहिकात होते, नवी नवी, अंगात भलताच जोर. एन्रॉन कंपनीच्या वीजप्रकल्पाविरुद्ध आंदोलन चालू होतं तेव्हा गुहागर तालुक्यात एका घरी चार दिवस राहिले. तिथल्या वहिनी चुलीपाशी बसून बोलता बोलता बोलल्या की ह्यांनी पण कंपनीच्या कामाला गाडी लावलीय, बाहेर मोर्च्यात मात्र सगळ्यांच्या पुढे असतात. मी ते छापलं. नाव नाही, गाव नाही, नुसतं "एक बाई म्हणाल्या" एवढंच, आणि मला वाटलं झालं, आपण काळजी घेतली. अंक आला त्या दुपारी अख्ख्या वाडीला कळलं होतं कोण ती. पुढे मी परत गेले तर वहिनींनी पाणी आणलं, गुळाचा खडापण दिला, पण ओटीवरच. आत ये म्हणाल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

त्यामुळे ते ब्लरबिर विसर. आपल्याकडे माणूस पाठमोरा चालत गेला तरी लोक सांगतात हा अमक्याचा तमका, आणि तू आवाज ठेवणार, मागची भिंत ठेवणार, वर शेवटी श्रेयनामावलीत तुझं आडनाव येणार!

आणि मामा जे बोलला ते काही गप्पा नव्हेत. पर्ससीनवर राज्याने ५ फेब्रुवारी २०१६ ला निर्बंध आणले, मुदत सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच. एलईडी लावून मासेमारी करायला केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्येच बंदी घातली. २०२१ ला राज्याचा कायदा आणखी कडक झाला, दंड लाखांत गेले. म्हणजे जानेवारीत बोललेली ती क्लिप हा सरळ कबुलीजबाब आहे. बरं, मामा एक वेळ निभावून नेईल, वाटेकरी आहे, ओळखी असतील. पण त्या क्लिपमध्ये "कोण कोण" ची नावं आहेत, तूच लिहिलंयस. बोट चालवणारा तांडेल आणि खलाशी आहेत त्यात. रत्नागिरीकडच्या बोटींवर नेपाळमधून आलेली पोरं किती असतात तुला माहितीय. काही झालं की आधी कोणाला उतरवतात बोटीवरून?

मामाची चूक नाही असं मी म्हणत नाहीये हां, गैरसमज नको. पर्ससीनची जाळी बटव्याच्या नाडीसारखी खालून आवळतात, तारली-बांगड्याचा अख्खा थवा एका खेपेत आत, त्यात रात्री जनरेटरवर दिवे लावून मासा बोलवायचा, मग पहाटे रापण टाकणाऱ्याच्या जाळ्यात काय येणार? सकाळभर दोन्ही टोकांनी दोर ओढायचा आणि वाटे करायला बसलं तर माणशी चार पेडवे. आंदोलन खोटं नाही. पण आंदोलनाला तुझ्या मामाची गरज नाही. ते दिवे काही लपून राहत नाहीत, अंधाऱ्या रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की लांबवर उजेडाची रांग दिसते, समुद्रात एखादं गाव वसल्यासारखी. ट्रायपॉड लाव, रात्री दोनला जाऊन तासभर तेवढंच शूट कर, सोबत कोणी तरी घेऊन जा, आणि दादाला रीलसाठी ते दे.

आता सेन्सॉरचं. २००४ साली मिफमध्ये, म्हणजे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, भारतीय डॉक्युमेंटरींना सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागेल अशी अट आली, तेव्हा फिल्मवाले एकत्र आले, विरोध केला, आणि त्याच दिवसांत मुंबईतच "विकल्प" नावाने स्वतःचा वेगळा महोत्सव भरवला. डॉक्युमेंटरी करणाऱ्या आनंद पटवर्धनांनी तर एकेक फिल्म दाखवता यावी म्हणून कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यात. तुम्हाला वर्गात हे शिकवलं असेल आणि शिकवायलाच हवं. पण ते भांडण सरकारशी होतं, ज्याच्या हातात कात्री असते त्याच्याशी. तुझा मामा तुझ्या फिल्मला कात्री लावायला बसलेला नाही, त्याला तर फिल्ममध्ये आपण आहोत हेच माहीत नाही. त्याला विचारणं ह्याला सेन्सॉरशिप म्हणायला लागलीस तर उद्या रापणीवरची काकूपण नको म्हणाली की तीही सेन्सॉर बोर्ड होईल.

छुप्या कॅमेऱ्याचं स्टिंग वेगळं असतं. ते आधी ठरवून करतात, मागे संपादक असतो, वकील असतो, गुन्हा केवढा आणि दुसरा मार्ग आहे का ते तोलून बघतात. तू जेवलीस, झोपलीस, सकाळी कार्ड कॉपी करताना क्लिप सापडली. मग गाईडांना दाखवलीस. मामाच्या आधी गाईडांनी ती बघितली हे मला सगळ्यात खटकलं.

शिमग्याला जा. पण पालखी घरी येते त्या दिवशी नको, घर भरलेलं असतं, त्या गडबडीत मामा "हो गो, घाल काय ता" म्हणून मोकळा होईल आणि ते हो काही खरं नाही. दोन दिवस आधी पोच. आधी मामीला फोन कर, तिला सांग काय आहे ते, मामाचा मूड तिला कळतो. दुपारी जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघड आणि अख्खी क्लिप दाखव, कापलेली नाही, तो भात मागतो तिथपासून. मग गप्प बस. त्याला बोलू दे.

तुला वाटतं तसा तो नाहीच म्हणेल ह्याची मला खात्री नाही. पत्राच्या तळाशी तू त्याचं एक वाक्य लिहिलंयस, "आम्ही नाय लावले तर बाजूचो लावतलो, बँकेचो हप्तो काय बाजूचो भरता?" हे तो ट्रायपॉडसमोर, दिव्यावरची टेप काढून, स्वतःहून बोलला, कोणाची नावं न घेता बोलला, तर ते फडताळावरच्या क्लिपच्या शंभरपट मोलाचं आहे, कारण रापणकरांनीही ते वाक्य समोरून कधी ऐकलेलं नसणार.

आणि नाही म्हणाला तर नाही. त्याच्यासमोर डिलीट कर, हार्डडिस्कवरून, ड्राइव्हवरून, गाईडांकडे कॉपी असेल तर तिथूनही. रागाने फी बंद करेल ही भीती तू लिहिली नाहीस पण ती ओळींच्या मधे दिसतेय. शेवटचं सेमिस्टर राहिलंय, कॉलेजच्या ऑफिसात हप्त्यांचं आधीच विचारून ठेव, म्हणजे मामासमोर बसशील तेव्हा डोक्यात पैसे नसतील.

गाभा गेला म्हणून रडू नकोस. ज्या पर्ससीनच्या विरोधात कॅमेरा धरला त्याच पर्ससीनच्या वाट्यातून माझी फी गेली, हे तुझ्या स्वतःच्या आवाजात सांगता येतं की! ते तुझं आहे. मामाला तेवढं कानावर घाल, कारण लोक ओळखतीलच. एप्रिलमध्ये नाही जमलं तर मुदत माग, पटवर्धनांना "जय भीम कॉम्रेड" ला १४ वर्षं लागली, तुला दोन महिने जास्त लागले तर गाईड काही जीव देणार नाहीत.

एक राहिलं, आणि हे तुला आवडणार नाही. दोन वर्षं ज्या काकूकडे उतरतेस, जिच्या अंगणात बॅटऱ्या चार्ज करतेस, तिला तुझ्या मामाबद्दल माहीत आहे का? पत्रात कुठे दिसलं नाही. तिला फिल्म बघताना कळायला नको. मामाकडून परत येताना वाटेत तिच्याकडे उतर आणि सांग, मग तिने रापणीवर येऊ नको म्हटलं तर तेही ऐकून घे.

आणि दादाला "रफ बघायला" म्हणूनसुद्धा क्लिप व्हॉट्सअ‍ॅप करू नकोस. आधीच केली असशील तर शिमग्याची वाट बघू नको, आज रात्रीची गाडी पकड आणि मामाकडे पोचल्यावर मला लिही.

— माई