डोंगरपड राखायची, तर झाडे लावावीत का?

प्रश्न : राधानगरी तालुक्यात आमची वडिलोपार्जित चार एकर डोंगरपड आहे. दरवर्षी फाल्गुनात कोणीतरी डोंगर पेटवतो आणि आमचेही गवत जळते. जाळल्यावर गवत जोमाने येते, असे वडील सांगतात. ही जमीन नातवंडांसाठी रान म्हणून राखायची आहे. कोणती झाडे लावावीत?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी आग थांबवावी, झाडांचा विचार नंतर. वडिलांचे निरीक्षण खोटे नाही. राखेवर पहिल्या पावसात कोवळे गवत उठते. पण उघड्या पडलेल्या उतारावरची माती त्याच पावसात ओढ्याला जाते, माळावर घरटी करणाऱ्या चंडोल-टिटव्यांची अंडी वणव्यात होरपळतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत रानमोडी हे तण शिरते. रानमोडीला गुरे तोंड लावत नाहीत, गवेही नाहीत. दाजीपूरचे रान 1958 मध्ये गव्यांसाठी राखले गेले आणि 1985 मध्ये ते वाढवून सुमारे 351 चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य झाले. परंतु गव्याला ही हद्द कळत नाही, आणि हद्दीबाहेरच्या पडीत चारा उरला नाही की तो उसात उतरतो.

म्हणून दिवाळीनंतर गवतकापणी करताना बांधालगतचा दहा-बारा फुटांचा पट्टा मुळापर्यंत कापून, पालापाचोळा झाडून आग अडवणारी जाळरेषा काढावी. शेजाऱ्यांना सोबत घेतले तरच ती टिकते. एकट्याच्या चार एकरांचा वणव्यापुढे निभाव लागत नाही.

झाडांसाठी करवंदीच्या जाळीत वाकून पाहावे. बुलबुलांनी टाकलेल्या बियांची जांभूळ, अंजनीची वीतभर रोपे तेथे काट्यांच्या आडोशाने, गुरांच्या तोंडापासून वाचून उभी असतात. जाळी साफ करण्याची आपल्याकडे भारी हौस, ती आवरावी. तीन-चार पावसाळ्यांनंतरही जागा ओकीबोकी राहिली, तरच हिरडा, ऐन, किंजळ यांची रोपे लावावीत. ऑस्ट्रेलियन आकेशिया फुकट मिळाला तरी नको.

पडीत सड्याचा, म्हणजे सपाट माथ्यावरचा उघडा, कातळ असेल, तर तेथे एकही खड्डा खणू नये. उन्हाळ्यात उजाड दिसणाऱ्या त्या बोटभर मातीत भाद्रपदात गेंद आणि सीतेची आसवे ही रानफुले फुलतात.