थांबवतं कोण? मेडिकलच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलीला पत्र

चि. बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. स्पायनल कॉर्डचे, म्हणजे मणक्यातल्या मज्जारज्जूचे, ट्रॅक्ट (संदेशांचे रस्ते) पाठ होत नाहीत, रात्री बसवलेलं सकाळी उजव्याचं डावं होतं, आणि होस्टेलच्या बाकीच्या मुली कधीच पुढे निघून गेल्यात. शेवटचं तर सोडूनच दे. धुळ्याच्या त्या होस्टेलवर आज खोलीखोलीत हेच रडगाणं चालू असणार.

उजव्या-डाव्याचं आधी मिटवू. सुरुवातीला तीनच रस्ते धर आणि प्रत्येक रस्ता बाजू कुठे बदलतो तेवढंच लक्षात ठेव. हालचालीचा हुकूम मेंदूतून खाली येतो आणि मेड्युलात, म्हणजे मेंदूच्या मणक्याला जोडणाऱ्या तळाच्या भागात, बाजू बदलतो. दुखणं आणि गरम-थंड यांची खबर मणक्यात शिरल्या शिरल्या, एकदोन खण वर जाईपर्यंत, पलीकडे जाते. कंपन आणि सांध्याची जाणीव मात्र शिरली त्याच बाजूने वर चढते आणि मेड्युलात पोचल्यावर ओलांडते. आता मणक्यातल्या मज्जारज्जूची फक्त उजवी बाजू कापली गेली असं समज आणि पेशंटला काय होईल ते वहीत लिहून काढ. उजवा पाय हलणार नाही, उजव्या पायाला कंपन कळणार नाही, आणि सुई टोचलेली कळणार नाही ती डाव्या पायाला. हे एकदा स्वतः काढलंस की आयुष्यभर विसरणार नाहीस.

आता मला जे खरं सांगायचंय ते. पुस्तकं मज्जासंस्था एकाच अंगाने शिकवतात. उद्दीपन आलं, संदेश गेला, स्नायू आकसला, झालं. सुरू कोण करतं याचाच सगळा हिशेब. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवताना मला दिसत आलं ते असं, की माणसाचं बिघडतं ते पुष्कळदा थांबवण्याच्या बाजूला. म्हणून कुठलीही नस, कुठलंही केंद्र शिकताना समासात एक प्रश्न लिहीत जा: याला थांबवतं कोण?

विजेच्या भागावर मी फार बोलत नाही. नसेच्या आत-बाहेर सत्तर मिलिव्होल्टचा फरक, तीन सोडियम बाहेर तर दोन पोटॅशियम आत, हॉजकिन आणि हक्सली यांचं स्क्विडच्या जाड मज्जातंतूवरचं १९५२ चं काम, हे वर्गात मिळेलच. पण तिथेही बघ. सोडियमच्या वाहिन्या उघडतात हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. त्या जेमतेम मिलिसेकंदात स्वतःहून बंद होतात म्हणून संदेश मागे फिरत नाही, हे व्हायवाला (तोंडी परीक्षेला) विचारलं की निम्मा वर्ग छताकडे बघतो.

खरी गंमत दोन पेशींमधल्या फटीत आहे. ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावी ऑटो लोवी यांनी १९२१ साली दोन बेडकांची हृदयं घेतली. पहिल्याची व्हेगस नस (मेंदूकडून हृदयाकडे येणारी) उत्तेजित केली, ते मंदावलं. त्याच्या भोवतालचं द्रव दुसऱ्या हृदयावर सोडलं, तर नस न छेडताच तेही मंदावलं. नसेच्या टोकातून काहीतरी रसायन सुटतं हे तिथे सिद्ध झालं, आणि १९३६ साली त्यांना हेन्री डेल यांच्याबरोबर नोबेल मिळालं. व्हेगस हृदयाला थांबवू शकते हे वेबर बंधूंनी १८४५ मध्येच दाखवलं होतं. म्हणजे फटीतलं पहिलं रसायन हाती लागलं ते गती देणारं नव्हतं, मंदावणारं होतं. त्याचं नाव अ‍ॅसिटिलकोलीन.

आता हेच अ‍ॅसिटिलकोलीन तुला आपल्या कपाशीच्या शेतात दाखवतो.

श्रावण-भाद्रपदात दवाखान्यात एक पेशंट हमखास यायचा. पाठीवर पंप घेऊन सकाळपासून फवारणी केलेली, वारा तोंडावर, तोंडाला रुमालसुद्धा नाही. दोघं धरून आणायचे आणि म्हणायचे, औषध चढलं. सदरा घामाने चिंब, तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, छातीत घुरघुर. बॅटरी मारली तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. पापणी आणि पोटरी नीट बघितली तर कातडीखाली स्नायू बारीक बारीक फडफडताना दिसायचे. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं कोलिनएस्टरेज या एन्झाइमला बांधून ठेवतात. त्या एन्झाइमचं काम एकच, फटीत सुटलेलं अ‍ॅसिटिलकोलीन तोडून टाकायचं. ते तुटेनासं झालं की सुरू झालेला प्रत्येक हुकूम चालूच राहतो. लाळेचा, घामाचा, आतड्याचा, स्नायूचा. माणसाच्या शरीरात नवीन काहीच सुरू झालेलं नसतं. थांबवणारा तेवढा बांधला गेलेला असतो.

अशा वेळी आधी कपडे काढून साबणाने अंग धुवायचं (हातमोजे घालून, नाहीतर तूच पुढची पेशंट) आणि अ‍ॅसिटिलकोलीनला अडवणारं अ‍ॅट्रोपिन सुरू करायचं. अ‍ॅट्रोपिन किती द्यायचं, ते तुला पुढे इंटर्नशिपला कुणीतरी बाहुल्यांवरून सांगेल. ऐकू नकोस. छातीवर स्टेथो ठेव. फुप्फुसं कोरडी झाली, नाडी आणि रक्तदाब सावरले, की पोचलो. आणि अ‍ॅट्रोपिन नस आणि हालचालीचे स्नायू यांच्यातल्या फटीवर चालत नाही हे विसरू नकोस. पेशंट शुद्धीवर आला, चहा मागू लागला, नातेवाईक घरी न्यायची घाई करू लागले, तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला उताणं झोपवून सांग, उशीवरून मान उचल. मान उचलता येत नसेल तर श्वासाचे स्नायूही दमायच्या वाटेवर आहेत. त्याला हलू देऊ नकोस.

याचीच उलटी बाजू बांधावर उगवते. पोरांनी धोतऱ्याची बोंडं खाल्ली तर अंग तापलेलं आणि कोरडं ठणठणीत, चेहरा लाल, बाहुल्या मोठाल्या, आणि पोर हवेतल्या हवेत काहीतरी वेचत बडबडतं. धोतऱ्यात अ‍ॅट्रोपिनच्या कुळातलीच द्रव्यं असतात. ती घामाच्या ग्रंथीला अ‍ॅसिटिलकोलीनचं ऐकूच देत नाहीत, आणि जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात घाम बंद झालेलं पोर किती वेगाने तापतं ते तुला सांगायला नको. हे दोन पेशंट शेजारी शेजारी मांडून अभ्यास कर. ऑटोनॉमिकची, म्हणजे आपोआप चालणाऱ्या मज्जासंस्थेची, निम्मी वही तिथेच भरेल. (म्हणून फवारणीच्या पेशंटला धोतरा पाजायचा का, असं एका शहाण्याने मला विचारलं होतं. नाही. मात्रेचा भरवसा नसलेली गोष्ट औषध होत नाही.)

कॉलेजला गेल्यावर रिफ्लेक्स (प्रतिक्षिप्त क्रिया) तपासायचा हॅमर विकत घेतलाच असशील. घरी आलीस की आजीला बाजेच्या कडेला बसव. पाय जमिनीला टेकू देऊ नकोस. तुझा डावा तळहात तिच्या मांडीवर समोरून ठेव आणि गुडघ्याच्या वाटीखालच्या टेंडनवर हॅमर पडू दे, मारायचा नाही. मांडीचा स्नायू तुझ्या तळहाताखाली उसळेल. ताण कळवणारी नस मणक्यात गेली, तिथेच हुकूम देणाऱ्या पेशीला भिडली आणि परत आली. मेंदूला नंतर कळतं. हे सगळे लिहितात. तू आता मांडीमागचा स्नायू आठव. तो त्याच क्षणी सैल पडला नसता तर पाय असा मोकळा उडाला नसता. तो सैल पाडणारी छोटी पेशी मणक्यातच बसलेली असते. हा हिशेब शेरिंग्टन यांनी मांडला, आणि मज्जापेशींवरच्या एकंदर कामासाठी १९३२ चं नोबेल त्यांना एड्रियन यांच्याबरोबर मिळालं. आता आजीला म्हण, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकव आणि जोरात ओढ. ती ओढत असतानाच पुन्हा हॅमर टाक. पाय आधीपेक्षा उंच उडेल. गुडघा तोच, हॅमर तोच. वरून येणारी पकड तेवढी बदलली.

बैलाला चालायला कुणी शिकवत नाही. गाडीवान कासरा ताणून धरतो म्हणून गाडी रस्त्यावर राहते. मणक्यावर मेंदूची हुकमत बरीचशी अशी आहे.

तो कासरा तुटला की काय होतं ते लकव्याच्या पेशंटमध्ये दिसतं. पहिले काही दिवस हात-पाय लुळे, रिफ्लेक्ससुद्धा मंद. मग काही आठवड्यांत हात छातीशी दुमडून घट्ट होतो, पाय काठीसारखा ताठ होतो, गुडघ्यावर हॅमर टेकवायचा अवकाश की पाय झेपावतो. घरचे खूश होऊन सांगतात, डॉक्टर, हातात जोर आला. तो जोर नसतो. मणका मोकाट सुटलेला असतो. तळपायाच्या बाहेरच्या कडेने टाचेकडून बोटांकडे रेघ ओढ. अंगठा वर उठेल. बाबिन्स्की यांनी ही खूण १८९६ मध्ये सांगितली. आता तीच रेघ तुझ्या वहिनीच्या तान्ह्या बाळाच्या तळपायावर ओढ. तिथेही अंगठा वरच जाईल, आणि ते अगदी योग्य आहे. मेंदूकडून मणक्याकडे जाणाऱ्या त्या तारांवर मायलिनचं वेष्टन अजून पुरतं चढलेलं नाही.

बाळाच्या तळहातात बोट ठेवलं की ते मूठ आवळतं ना? ही पकड चार-सहा महिन्यांत जाते. जाते म्हणजे पुसली जात नाही, वरून दाबली जाते. म्हातारपणी कपाळामागचा मेंदू झिजला की काही माणसांत ती परत वर येते. डॉक्टरने हात पुढे केला की आजोबा तो धरतात आणि सोडत नाहीत. सुना म्हणतात, आजोबांना माया फार. असेलही. पण तू तपासून बघ.

धनुर्वात आता तुला क्वचितच दिसेल. नवजात बाळांमधला आणि बाळंतिणींमधला धनुर्वात देशातून हटल्याचं २०१५ मध्ये मान्य झालं. मी सुरुवात केली तेव्हा विळ्याने नाळ कापलेली बाळं यायची. त्या जंतूचं विष नसेतून उलट्या दिशेने मणक्यात चढतं आणि तिथे ग्लायसिन अन् गाबा सुटू देत नाही. ही दोन्ही थांबवणारी रसायनं. मग भांडं पडल्याच्या आवाजानेसुद्धा सगळं अंग एकदम ताठतं, पुढचे-मागचे स्नायू एकाच वेळी. म्हणून त्या पेशंटची खोली अंधारी आणि शांत ठेवायची असते.

माझा हा प्रश्न सगळीकडे चालतो असं समजू नकोस. मण्यार चावली तर तिथे सुरू व्हायलाच काही उरत नाही. रात्री खळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस, चावल्याची खूण धड दिसत नाही, दुखतही नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. तिचं विष नसेच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलीनचा साठाच रिकामा करतं. मग श्वास थांबतो, कधी बाहुल्याही हलत नाहीत, आणि नवखा डॉक्टर मेंदू गेला असं ठरवून बसतो. माणूस आत पूर्ण जागा असू शकतो. त्याला श्वास देत राहा, अँटिव्हेनम दे, आणि त्याच्या खाटेपाशी उभं राहून तो गेल्याच्या गप्पा कुणाला मारू देऊ नकोस. त्याच्याशी बोल. आपल्या भागातला असेल तर अहिराणीतच बोल.

रात्री दोनपर्यंत जागून पाठ करायचं बंद कर. झोप म्हणजे मेंदू दमून बंद पडणं नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या पुढच्या बाजूच्या काही पेशी गाबा सोडून जागेपणाची केंद्रं मुद्दाम बंद करतात, तेव्हा ती लागते. दिवसा वाचलेलं पक्कं होतं ते बरंचसं त्या वेळात. तुझं सकाळी उजव्याचं डावं का होतं याचं अर्धं उत्तर मला वाटतं इथेच आहे.

आखाजीला घरी येशीलच. तोवर न्यूरोचा भाग बराच झालेला असेल. आल्यावर झोका बाजूला ठेवून आधी गल्लीतल्या नानांकडे जा. त्यांचा उजवा पाय मागच्या वर्षापासून ओढला जातो आणि ते संधिवात म्हणून मोकळे होतात. त्यांना चालायला लाव आणि मागून बघ, उजवा हात झुलतो का. उजव्या चपलेचं टोक झिजलंय का तेही बघ. मग रिफ्लेक्स दोन्ही बाजूंनी, तळपाय दोन्ही बाजूंनी. काय सापडलं ते कागदावर लिहून माझ्याकडे आण. पुस्तक उघडायच्या आधी आण.

तुझे,
डॉक्टर आप्पा