फोटो नीटनेटके येतात, पण माझे वाटत नाहीत; प्रिंट काढायला शिकण्याची सुरुवात कुठून करावी?

आपण विचारले आहे की तीन वर्षे कॅमेरा हाताळूनही फोटो नुसतेच नीटनेटके येतात, त्यांत स्वतःचे असे काही उतरत नाही. शिवाय भिंतीवर लावण्याजोगी प्रिंट काढायला आताच शिकावे की हात बसल्यावर. माझ्या मते हे दोन प्रश्न एकच आहेत. प्रिंट नंतरसाठी राखून ठेवल्यामुळेच माझी बरीच वर्षे वाया गेली.

मी ठाण्याचा. एका डिसेंबरातल्या पहाटे तलावपाळीवर काढलेला एक फोटो मला फार आवडला होता: मासुंदा तलावात एकच नाव, तीत पाठमोरा बसलेला माणूस आणि मागे झाडांची गर्द रांग. पडद्यावर त्या झाडांतले पानन् पान दिसत होते. बारा बाय अठरा इंचांची प्रिंट हातात आली तेव्हा मात्र झाडे, नाव आणि माणूस मिळून एक काळा डाग झाला होता. लॅबवाल्याशी मी हुज्जत घातली, पण दोष माझ्या मॉनिटरचा होता. मी त्याचा उजेड पूर्ण वाढवून काम करत असे. पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद मात्र खोलीत असेल तेवढाच उजेड परतवतो. मॉनिटरचा उजेड ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर इतका उतरवून तो कॅलिब्रेट करणे (म्हणजे त्याचे रंग आणि उजेड मोजून बरोबर करणे), आणि लॅबकडून त्यांच्या प्रिंटर व कागदाच्या जोडीचे आयसीसी प्रोफाइल (त्या जोडीवर रंग कसे उमटतात हे सांगणारी फाइल) मागून घेऊन सॉफ्ट प्रूफ, म्हणजे प्रिंट कशी दिसेल याची पडद्यावरची नक्कल, पाहणे, एवढ्याने निम्मे काम होते.

उरलेले निम्मे काम मशीन करत नाही. दुसरी प्रिंट काढताना मी आधी सगळ्याच सावल्या उजळल्या आणि फोटो पार फिका पडला. मग ठरवावे लागले की त्या पहाटे मला नक्की काय दिसले होते. झाडे नव्हेच, वल्ह्याची ओली कड आणि त्या माणसाचा एक खांदा. तेवढेच दोन भाग उजळले, झाडे काळीच ठेवली, आणि तो फोटो पहिल्यांदा माझा वाटला. पडद्यावर हा निर्णय टाळता येतो, कारण तिथे सगळेच थोडेथोडे दिसत राहते.

म्हणून एकच जागा निवडून तिथे महिनाभर जा. ऐरोलीला खाडीकाठी जाणार असाल तर फ्लेमिंगोंच्या मागे लागू नका, असे मी मुद्दाम सांगेन. ते गुलाबी थवे इतक्या जणांनी टिपले आहेत की आपली नजर त्यात हरवते. ओहोटीनंतर उघडा पडलेला चिखल आणि त्यावरचा तिरपा उजेड सरावाला अधिक उपयोगी आहे. फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने न आवळलेल्या मूळ नोंदीच्या फाइलमध्येच, काढा: १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या मावतात, जेपेगमध्ये केवळ २५६, आणि चिखलाच्या करड्या छटा ओढाताण केल्यावर जेपेगमध्ये लगेच फाटतात, म्हणजे सलग न राहता पट्टे दिसू लागतात.

आकाराची चिंता नको. २४ मेगापिक्सेलची ६००० बाय ४००० ची फाइल इंचाला ३०० पिक्सेल धरले तरी वीस बाय तेरा इंचांपर्यंत सहज जाते. कागदाचा विचार मात्र सावकाश करा. सुती मॅट कागदावर काळा रंग कधीच पूर्ण काळा होत नाही, पण धुके, चिखल, म्हातारे चेहरे यांना तो शोभतो. खोल काळा हवा असेल तर बरायटा, म्हणजे बेरियम सल्फेटचा थर असलेला किंचित चकचकीत कागद, घ्यावा. शाई पिगमेंटचीच (रंगाचे बारीक कण असलेली) असल्याची खात्री करून घ्या, कारण डायच्या (विरघळलेल्या रंगाच्या) शाईच्या प्रिंटचे रंग सहसा लवकर उडतात. मोठी प्रिंट सांगण्याआधी एका ए-४ कागदावर त्याच फोटोचे कमीजास्त उजेडाचे चार तुकडे छापून घ्या आणि ते दिवसा खिडकीपाशी व रात्री ट्यूबलाइटखाली आठवडाभर पाहत राहा. घरी प्रिंटर घेण्याची घाई करू नका. नियमित वापर नसेल तर त्याची हेड (शाई सोडणारे भाग) सुकू शकतात आणि बरीच शाई ती साफ करण्यातच संपते.

फ्रेम करताना प्रिंट आणि काच यांच्यामध्ये आम्लरहित माउंटबोर्डची फट ठेवायला सांगा, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर ती लावू नका.