फोन चार्ज होतो पण लॅपटॉपवर दिसत नाही? रिसेटला आधी नकार द्या

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. केबल लावली की चार्जिंग सुरू होतं, 'धिस पीसी'मध्ये मात्र फोनचं नाव येत नाही, आणि सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो 'रिसेट मारून बघू', म्हणजे फोनमधलं सगळं पुसून बघू. उद्या फोन त्याच्याकडे टाकायचा तुमचा विचार आहे. फोटो आत असताना कृपया टाकू नका.

वडिलांच्या अँड्रॉइड फोनचं अगदी हेच झालं होतं. गावचं घर पाडायच्या आधी त्यांनी प्रत्येक खोलीचे, परसातल्या विहिरीचे फोटो काढले होते. तेच लॅपटॉपवर घ्यायचे होते, हे आम्ही काउंटरवर स्पष्ट सांगितलं. तिथल्या माणसाने दुसरी केबल लावून पाहण्याचीही तसदी घेतली नाही. जॉबशीटवर 'सॉफ्टवेअर इश्यू' लिहिलं आणि फोन आत नेला. परत मिळाला तो कोरा. घरी येऊन लावला तर तेच, नुसतं चार्जिंग. शेजारच्यांची केबल लावली आणि फोन लगेच दिसायला लागला. विचारायला गेलो तर 'डेटाची जबाबदारी आमची नसते' म्हणून कागदाच्या तळाची बारीक ओळ दाखवली. बॅकअप घेता येत नाही म्हणूनच माणूस आलाय, आणि त्यालाच बॅकअपवरून सुनावायचं, याचा राग अजून जात नाही.

रिसेटनंतर फोटो परत का येत नाहीत, तेही सांगतो. हल्लीच्या अँड्रॉइडमध्ये आतली साठवण एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद असते आणि रिसेटमध्ये तिची किल्लीच पुसली जाते. त्यामुळे 'रिकव्हर करून देतो, एवढे पैसे द्या' म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. मेमरी कार्डवरचे किंवा क्लाउडवर गेलेले फोटो वेगळे, ते वाचतात.

केबल घट्ट बसते, फोन चार्ज होतो, म्हणजे केबल चांगली असं तुम्ही लिहिलंय. तसं नसतं. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन डेटाच्या. स्वस्तातल्या कित्येक केबलींमध्ये डेटाच्या दोन तारा घातलेल्याच नसतात, किंवा वाकवून वाकवून आत तुटलेल्या असतात. बाहेरून काही कळत नाही. दुसऱ्या एखाद्या फोनच्या फाइल्स ज्या केबलने लॅपटॉपवर दिसतात, तीच मागून आणा. टाइप-सी असेल तर पिन उलटी करूनही लावा. फोनच्या सॉकेटमध्ये डेटाचे संपर्क दोन्ही बाजूंना असतात, एक बाजू खराब असली तर दुसरीवर काम होऊन जातं. पोर्टमध्ये खिशातला कापूस दाबून बसलेला असतो, तो फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच काढा. सुई नको.

पोर्टवरच शंका असेल तर ओटीजीने (फोनला यूएसबी वस्तू जोडायचा छोटा अडॅप्टर) फोनला पेन ड्राइव्ह लावा. तो दिसला तर पोर्ट बहुधा ठीक आहे, मग दोष केबलचा, सेटिंगचा किंवा लॅपटॉपचा.

फोन अनलॉक करून नोटिफिकेशनमधून 'फाइल ट्रान्सफर' निवडलं असेलच असं धरतो. अँड्रॉइड 6 पासून केबल लावली की फोन आपणहून फक्त चार्जिंगवर जातो. तेही केलं असेल तर विंडोजची आवृत्ती बघा. नावात 'एन' असेल (उदाहरणार्थ विंडोज 10 प्रो एन) तर मायक्रोसॉफ्टचा 'मीडिया फीचर पॅक' हा जोड-भाग टाकल्याशिवाय फोनच्या फाइल्स दिसत नाहीत. हे लवकर कोणाच्या लक्षात येत नाही.

फोन दिसायला लागला की 'कट' करू नका, 'कॉपी'च करा. मध्येच कनेक्शन तुटलं तर निदान मूळ फाइल फोनमध्ये राहते. हजारो फोटो एकदम न उचलता थोडे थोडे घ्या. व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो डीसीआयएममध्ये (कॅमेऱ्याच्या फोटोंचं फोल्डर) शोधू नका, नव्या फोनमध्ये ते 'अँड्रॉइड'मधल्या 'मीडिया' फोल्डरात असतात.

केबलने काहीच जमलं नाही तरी रिसेट नकोच. स्क्रीन चालू आहे ना? मग क्विक शेअर किंवा लोकलसेंड या फाइल पाठवायच्या अ‍ॅपने वायफायवरून फोटो घ्या. दोन्ही उपकरणं एकाच वायफायवर हवीत, राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर बहुतेक वेळा एकमेकांना दिसत नाहीत. माझ्या मते, सगळे फोटो लॅपटॉपवर उघडून पाहिल्यावरच फोन दुरुस्तीला द्यावा.

मी या धंद्यातला नाही, घरच्यांचे आणि ओळखीच्यांचे फोन बघून जे कळलं ते लिहिलंय. पाण्यात पडलेल्या किंवा पोर्ट जळालेल्या फोनला यातलं बरंचसं लागू होणार नाही. आयफोनचा मला फारसा अनुभव नाही.

फोनचं मॉडेल लिहा. आणि केबल लावल्यावर लॅपटॉपचा 'टुंग' आवाज येतो का, तेही सांगा. आवाज येत असेल तर डेटाच्या तारा बहुधा जिवंत आहेत. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या उपकरणांची यादी) पिवळा त्रिकोण कुठल्या नावापुढे दिसतो ते इथे टाका, मग ड्रायव्हरचं, म्हणजे विंडोजला फोन ओळखायला लागणाऱ्या सॉफ्टवेअरचं, पुढे बघू.