रात्रीचा महापौर करतो तरी काय?

प्रश्न : परदेशात काही शहरांना 'नाइट मेयर' असतो असं वाचलं. एक महापौर कमी पडतो का? की बार उशिरापर्यंत उघडे ठेवायचे म्हणून काढलेलं हे पद आहे?

उत्तर : अहो, नाव मोठं पण हातात अधिकार जवळपास काहीच नाही. ॲमस्टरडॅममध्ये २०१२ला मिरिक मिलान नाइट मेयर झाला, त्याला ना लायसन्स देता यायचं ना रद्द करता यायचं. त्याचं काम म्हणजे क्लबवाले, पोलीस, महापालिका आणि झोपमोड झालेले रहिवासी यांना समोरासमोर बसवून मार्ग काढणं.

आता बारचं म्हणाल तर गंमत अशी आहे की सगळे एकाच वेळी बंद केले की गर्दी एकदम रस्त्यावर येते, टॅक्सी मिळत नाही, मग आरडाओरडा, ढकलाढकली, आणि वरच्या मजल्यावरचं बाळ उठून बसतं. म्हणून तिथे काही जागांना २४ तासांचं लायसन्स दिलं, त्याही बहुतेक शहराच्या मध्यभागापासून लांबच्या, म्हणजे लोक आपापल्या वेळेने पांगतात. सिडनीच्या मध्यभागात २०१४मध्ये नेमकं उलट केलं, दीडनंतर नवीन गिऱ्हाईक आत घ्यायचं नाही, तीनला दारू बंद. त्या भागातल्या मारामाऱ्या कमी झाल्या हे खरंच, पण रात्रीचा धंदाही बसला आणि २०२०-२१मध्ये ते नियम काढावे लागले.

मला विचाराल तर बारवरच फार चर्चा होते. रात्री नर्स असतात, ऑफिसं झाडणाऱ्या बायका असतात, त्यांच्यासाठी खरा प्रश्न घरी कसं जायचं हा. लंडनची मेट्रो २०१६पासून रात्रभर धावते, पण काही मार्गांवर आणि फक्त शुक्रवारी-शनिवारी! मंगळवारी पहाटे ड्युटी संपणारीने काय करायचं, नाइट बसची वाट बघायची. त्यापेक्षा कॅनडातल्या माँट्रियलचं मला आवडतं, १९९६पासून रात्री बसमध्ये बाईने ड्रायव्हरला सांगायचं, तो दोन स्टॉपच्या मध्ये, तिच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवतो. खर्च म्हणाल तर ब्रेक दाबण्याचा.

प्रश्न : क्लबशेजारी फ्लॅट घेऊन मग आवाजाची तक्रार करणाऱ्यांचं काय?

उत्तर : जो नंतर आला त्याने सोय बघायची. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने २०१४ला, इंग्लंडने २०१८ला हे नियोजनाच्या नियमात घातलं. म्हणजे जुन्या क्लबशेजारी बिल्डिंग उठत असेल तर आवाज अडवणाऱ्या जाड काचा बिल्डरने बसवायच्या, आणि क्लब नवीन असेल तर भिंती क्लबवाल्याने.